दहावीनंतरची तिसरी वाट

दहावीचा निकाल लागला की बेळगाव-खानापूरकडील आईबाप मुलाला कॉलेजात घालतात, नाही तर ओळखीच्या दुकानात चिकटवितात. तिसरी वाट त्यांना कोणी सांगितलेलीच नसते. बेळगावच्या उद्यमबागेत ओतकामाचे व यंत्रकामाचे कारखाने आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, वेल्डरचा एकाच वर्षाचा. पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे कारखान्यात शिकता शिकता विद्यावेतनही मिळते. २०१५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय करिअर सेवेत नावनोंदणीस पैसा पडत नाही. तरी त्यासाठी पैसे उकळणारे मध्यस्थ आम्ही पाहिले आहेत! निकालापूर्वीच्या एखाद्या रविवारी, मिस्सानंतर, कारखान्यात जाणाऱ्या गावकऱ्यांनी मुलांना जवळ बसवून कामाचे तास, पगार आणि धोकेही सांगावेत. मुलींनाही बोलवावे, हे वर्ग त्यांनाही खुले आहेत.