संचिका हस्तांतरणातील परवानगी-त्रुटी

संचिका हस्तांतरणातील परवानगी-त्रुटी म्हणजे वेब सर्व्हरवर फाइल चढवताना, बदलताना किंवा ती वाचकाला दाखवताना हक्काअभावी मिळणारा नकार होय. एफटीपीने फाइल पाठवणाऱ्यास तो बहुधा ५५० किंवा ५५३ या क्रमांकाच्या संदेशातून कळतो. संकेतस्थळाच्या वाचकास ४०३ दिसते. मात्र ५५० हा क्रमांक फाइल सापडत नसतानाही येतो, म्हणून सोबतचा मजकूर वाचणे आवश्यक असते. एफटीपीचा पहिला मसुदा अभय भूषण यांनी १९७१ मध्ये लिहिला.

हक्कांची रचना

युनिक्स पद्धतीच्या सर्व्हरवर प्रत्येक फाइलीस एक मालक व एक गट असतो. मालक, गट व इतर यांना वाचन (४), लेखन (२) व चालवणे (१) हे हक्क स्वतंत्रपणे मिळतात आणि प्रत्येकाची बेरीज एकेका अंकाने दर्शवतात. फाइलीसाठी ६४४ व फोल्डरसाठी ७५५ ही प्रचलित मूल्ये आहेत. फोल्डरच्या बाबतीत तिसऱ्या हक्काचा अर्थ ‘आत शिरण्याची मुभा’ असा होतो. वरच्या एखाद्या फोल्डरला ती नसेल, तर आतील फाइल ६४४ असूनही उघडत नाही. नवी फाइल निर्माण करणे किंवा जुनी काढून टाकणे हेही त्या फाइलीच्या नव्हे, तर फोल्डरच्या लेखन-हक्कावर ठरते. नवख्यांचा गोंधळ प्रायः येथेच होतो.

कारण व निदान

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील महाविद्यालये २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाशी संलग्न आहेत. समजा, अशा एखाद्या महाविद्यालयाच्या सर्व्हरवर परीक्षेचे वेळापत्रक चढवले, परंतु ते उघडत नाही. गडचिरोलीपासून सुमारे दोनशे किलोमीटरवरील सिरोंचाच्या विद्यार्थ्यास सूचनाफलक पाहण्यासाठी येणे सोपे नसते. बहुतेक वेळा कारण एकच असते: फाइल चढवणारा वापरकर्ता आणि ती वाचकाला देणारा सर्व्हरचा वापरकर्ता (डेबियनवर ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’) हे दोघे वेगळे असतात. फाइल ६०० या मूल्याने चढली, तर पहिला ती वाचू शकतो, दुसरा नाही. याउलट, संकेतस्थळाच्या प्रणालीनेच निर्माण केलेल्या फाइली एफटीपी वापरकर्त्यास बदलता येत नाहीत. तेथे अंक नव्हे, तर मालकी किंवा गट दुरुस्त करावा लागतो.

अंक व मालकी दोन्ही योग्य असूनही नकार आल्यास डिस्कची मर्यादा संपली आहे का, हे पाहावे. रेड हॅट कुळातील सर्व्हरवर ‘एसईलिनक्स’चे लेबलही तपासतात, दुसऱ्या ठिकाणाहून हलवलेल्या फाइली जुने लेबल घेऊन येतात.

७७७ चा वापर

सर्वांना सर्व हक्क देणाऱ्या ७७७ या मूल्याने त्रुटी अनेकदा नाहीशी होते, म्हणूनच तो उपाय लोकप्रिय आहे. परंतु त्यामुळे सर्व्हरवरील कोणतीही प्रक्रिया त्या ठिकाणी लिहू शकते. एक कमकुवत प्लगइन सापडले, की परकी प्रोग्राम-फाइल तेथे ठेवता येते. काही सर्व्हर अशी फाइल चालवण्यासच नकार देतात व ५०० ही नवी त्रुटी दाखवतात.

दोन्ही जिल्हा प्रशासनांची संकेतस्थळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘एस३वास’ या सामायिक मंचावर आहेत. अशा मंचावर मजकूर ब्राउझरमधून भरला जातो आणि फाइलींचे हक्क मंचच ठरवतो.