इंजिनाला कळणारी भाषा

जोशुआ लायनेल कोवेन यांनी 1900 साली न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेल्या लायनेल कंपनीची जुनी खेळण्यातली आगगाडी पाहिली, की पहिल्यांदा नजरेत भरतो तो मधला तिसरा रूळ. दिसायला विजोड, पण सगळी किमया त्याचीच. ट्रान्सफॉर्मर घरातली वीज वीसेक व्होल्टांपर्यंत उतरवून या रुळात सोडतो. इंजिनाच्या पोटाखालचा रोलर ती उचलतो, मोटर फिरते आणि वीज चाकांतून बाहेरच्या रुळांत परतते. बाहेरचे दोन्ही रूळ एकाच बाजूचे असल्यामुळे मार्ग वळवून स्वतःलाच जोडला तरी शॉर्ट होत नाही. दोन रुळांच्या गाड्यांना हे सुख नाही.

मोटर आपल्या मिक्सरच्या जातीची: तेच कार्बन, तोच कम्युटेटर. एसीची दिशा सारखी पालटते, पण फील्ड आणि आर्मेचर या दोन्हींमध्ये ती एकाच क्षणी पालटते. त्यामुळे चाकं मात्र एकाच दिशेला फिरत राहतात. तारांची अदलाबदल करूनही उपयोग नाही. मग गाडी मागे न्यायची कशी?

उत्तर इंजिनाच्या पोटात आहे. त्याला ई-युनिट म्हणतात. एक कॉइल, तिच्यात वरखाली होणारा दांडा आणि खाली दातेरी ड्रम. वीज क्षणभर तोडली की दांडा पडतो. पुन्हा दिली की उचलला जातो आणि ड्रम एक घर पुढे सरकतो. पुढे, थांब, मागे, थांब, पुन्हा पुढे. म्हणजे वीज नसणं हाच हुकूम!

शिट्टीची युक्ती तर त्याहून बेरकी. 1935 साली लायनेलने टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यात, मोटरवर चालणारी हवेची शिट्टी बसवली. बटण दाबलं की त्याच रुळांतल्या एसीवर थोडी डीसी चढते. टेंडरमधल्या रिलेच्या गाभ्यावर तांब्याचं कडं असतं, म्हणून नुसत्या एसीला तो दाद देत नाही. डीसी आली की लगेच ओढला जातो. शिट्टी मुकी झाली तर टेंडर उघडण्याआधी ट्रान्सफॉर्मरमधला रेक्टिफायर तपासावा, म्हातारपणी तोच दगा देतो. जुन्या वायरचं रबर तडकलेलं असेल तर मात्र प्लग लावायच्या आधीच ती बदलायची. इथे हौस आड येऊ देऊ नये.

या जुन्या गाड्यांचा नेहमीचा आजार वेगळाच आहे. गाडी ठरावीक वळणावर थबकते आणि जागच्या जागी घूं घूं करत उभी राहते. मोटर जळालेली नसते. रुळावरच्या काजळीने वीज निमिषभर तुटते आणि ई-युनिट इमानेइतबारे ‘थांब’च्या घरात जातं. हात कुणाचा आणि मळ कुठला, हे त्याला कळणार कसं? रूळ स्पिरिटच्या फडक्याने पुसावेत. लोखंडी काथ्याने घासू नयेत, त्याचे तंतू मोटरच्या चुंबकाकडे ओढले जातात.

मळ की सैल सांधा हे ओळखायचं असेल, तर बऱ्याच इंजिनांवर ई-युनिटची छोटी खटकी असते. गाडी पुढे धावत असताना ती फिरवली की ड्रम त्याच घरात अडकून राहतो. आता त्या वळणावर दिवा नुसता लुकलुकला आणि गाडी निघून गेली, तर दोष मळाचा. तिथेच गतप्राण झाली, तर त्या तुकड्यात वीजच पोचत नाही: रुळांच्या पिना पक्कडीने आवळा आणि ट्रान्सफॉर्मरपासून त्या टोकाला वायरची वेगळी जोडी ओढा.