राइट ऑफ म्हणजे माफ नव्हे!

‘बँकांनी इतक्या कोटींची कर्जं राइट ऑफ केली’ अशी बातमी आली की कट्ट्यावर लगेच सुरू होतं, ‘बघा, मोठ्यांना माफी आणि आपल्याला नोटिसा!’ राग समजू शकतो, पण अर्थ चुकतोय. माफ करण्याला इंग्रजीत ‘वेव्ह’ म्हणतात. आपण सवयीने ‘वेव्ह ऑफ’ म्हणतो आणि तिथेच घोळ होतो. राइट ऑफ म्हणजे वसूल होईलसं न वाटणारी रक्कम वहीतल्या ‘येणे’मधून काढून टाकणं. आपला जुना शब्द आहेच, बुडीत खाती टाकणं. कर्जदाराचं देणं संपत नाही, वसुलीही चालू राहू शकते.

आता दुकानात येऊ. समजा एका प्लंबरने ११,८०० रुपयांचा माल उधारीवर नेला. १०,००० माल, १,८०० जीएसटी. आता दोन वर्षं झाली, फोनच उचलत नाही. पण वहीत येणं दिसतंय, म्हणजे न मिळालेल्या पैशावर तुम्ही नफा दाखवून प्राप्तिकर भरलाय! अशी उधारी ३१ मार्चपूर्वी सीएला विचारून राइट ऑफ करा, म्हणजे ती खर्चात धरता येते. पैसे खरंच बुडाले हे सिद्ध करत बसावं लागत नाही, वहीत नोंद पुरते. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलंय. मात्र ती विक्री आधी उत्पन्नात धरलेली हवी. उलाढालीच्या ८ किंवा ६ टक्के नफा दाखवून रिटर्न भरत असाल, तर हा खर्च वेगळा मिळत नाही. आणि ते १,८००? सरकारकडे भरलेला जीएसटी उधारी बुडाली म्हणून परत मिळत नाही. उधारी देताना मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त टोचते.

माणसालाही राइट ऑफ करतात बरं का. ‘डोन्ट राइट हिम ऑफ’ म्हणजे त्याला इतक्यात मोडीत काढू नका.

तुमच्या प्लंबरलाही काढू नका. नंतर पैसे आले तर त्या वर्षीचं उत्पन्न म्हणून दाखवायचे, एवढंच. फक्त दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षांची असते. ती संपण्याआधी त्याच्याकडून ‘इतके देणे बाकी आहे’ असं लिहून सही घ्या. सहीच्या तारखेपासून तीन वर्षं नव्याने मोजली जातात.