कोण होता कॅप्टन ब्रिग्ज? मालेगाव-बागलाणचा पहिला इंग्रज कारभारी

नाशिक : सातमाळा रांगेतल्या किल्ल्यांची माहिती जुन्या गॅझेटियरमध्ये शोधली की एक नाव पुन्हा पुन्हा भेटतं, कॅप्टन जॉन ब्रिग्ज. 1818 मध्ये त्याने या किल्ल्यांची वर्णनं लिहून ठेवली. अर्थात हौस म्हणून नव्हे. कुठला किल्ला कामाचा, कुठल्यावर बंडखोर दडतील, हे सरकारला कळायला हवं होतं. पुढे अनेक किल्ल्यांचे तट आणि पायऱ्या इंग्रजांनी सुरुंगाने उडवल्या. नाशिक-नगर सीमेवरच्या अलंगवर आजही तुटलेल्या पायऱ्यांपाशी दोर लावावा लागतो.

ब्रिग्ज 1801 साली मद्रासच्या लष्करात भरती झाला. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने नव्या मुलखाची वाटणी केली. अहमदनगर पॉटिंजरकडे, खानदेश ब्रिग्जकडे. दोघेही लष्करातले कॅप्टन. मालेगाव, नांदगाव, बागलाण तेव्हा खानदेशात मोडत. आजचा नाशिक जिल्हा झाला 1869 मध्ये. त्यामुळे मालेगावकरांचा पहिला इंग्रज ‘साहेब’ नाशिकला नव्हे, धुळ्याला बसायचा. धुळं मुख्य ठिकाण म्हणून 1819 मध्ये त्यानेच निवडलं, कारण ते मध्यावर होतं आणि पुण्याहून उत्तरेकडे जाणारा रस्ता जवळ होता.

मालेगावचा भुईकोट मात्र सहज मिळाला नव्हता. नारोशंकर राजेबहाद्दरांनी बांधलेल्या या किल्ल्यात अरब शिपायांनी मे-जून 1818 मध्ये जवळपास महिनाभर दम धरला.

ब्रिग्जची खरी डोकेदुखी पुढेच होती. डोंगरातले भिल्ल वर्षानुवर्षं वाटा आणि गावं राखत, त्याबदल्यात त्यांना हक्क मिळत. युद्धं आणि 1803-04 चा दुष्काळ यांत ती घडी मोडली. ब्रिग्जने डोंगरांची धान्याची वाट अडवली, दुसरीकडे नाईकांना नेमणुका देऊ केल्या. दोन्ही करूनही डोंगर शांत झाला नाही. 1825 मध्ये लेफ्टनंट आउट्रमने भिल्लांचीच पलटण उभी केली, तेव्हा कुठे चित्र पालटू लागलं. तोवर ब्रिग्ज साताऱ्याला रेसिडेंट म्हणून गेला होता.

नंतर म्हैसूर, नागपूर. फारसीतल्या फरिश्त्याच्या इतिहासाचं त्याने केलेलं इंग्रजी भाषांतर 1829 मध्ये आलं. पाठोपाठ 1830 मध्ये जमिनीच्या साऱ्यावरचं पुस्तक. इतकी वर्षं सारा वसूल करणाऱ्या या अधिकाऱ्याने त्यात लिहिलं की, शेतजमिनीचा मालक सरकार नव्हे.

1875 मध्ये तो वारला.