‘ढिलं’ म्हणजे नेमकं काय? एका जुन्या पद्मिनीच्या स्टिअरिंगचं निदान

मागच्या व्याख्यानात आपण अन्वय आणि व्यतिरेक या जोडीबद्दल बोललो. कारण असलं की कार्य असतं, कारण काढलं की कार्य नाहीसं होतं. मिलने १८४३ साली आपल्या तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात ज्या भेदपद्धतीची मांडणी केली, तिचं व्यतिरेकाशी जवळचं नातं आहे. तेव्हा एका श्रोत्याने विचारलं होतं, “सर, हे सगळं धूर आणि अग्नी यांच्या पुढे कधी जातं का?” प्रश्न रास्त आहे. म्हणून आजचं उदाहरण आमच्या गाडीचं.

आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी आहे, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. तरुण श्रोत्यांसाठी सांगतो, हिचा गिअरचा दांडा खाली मजल्यावर नसतो. तो स्टिअरिंगच्या कॉलमवरच असतो. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दोन वर्षांपूर्वी हिचं स्टिअरिंग ढिलं वाटू लागलं. आम्ही गॅरेजमध्ये गेलो आणि म्हणालो, “स्टिअरिंग ढिलं झालंय.” कारागिराने स्टिअरिंग हलवून पाहिलं, “प्ले आहे” म्हणाला, बॉनेट उघडलं आणि स्टिअरिंग बॉक्सवरचा स्क्रू पिळला. पाच मिनिटांचं काम. हाताला घट्ट लागलं, आम्ही खूश.

त्याच आठवड्यात घाटात एका वळणावर स्टिअरिंग परत सरळ येईना. एरवी वळण संपलं की हात सैल सोडायचा, स्टिअरिंग आपोआप सरळ होतं. पुढच्या चाकांच्या बसवणीत ठेवलेला तिरपा कोन ते काम करतो. त्या दिवशी ते जिथल्या तिथे अडकून राहिलं आणि आम्हाला दोन्ही हातांनी ओढून सरळ करावं लागलं. समोरून ट्रक येत होता. वेळ होती म्हणून निभावलं.

आता चूक कोणाची? आम्ही म्हणतो, निम्मी आमची. आम्ही कारागिराला निरीक्षण सांगितलंच नाही, एक शब्द सांगितला. ‘ढिलं’ या एका शब्दात किमान चार वेगवेगळे दोष राहतात.

पहिला, स्टिअरिंग त्याच्या दांड्यावरच डुगडुगतं. म्हणजे मधला नट सैल आहे. दुसरा, दांडा ज्या नळीत फिरतो ती नळी, म्हणजे सगळा कॉलमच, वरखाली किंवा आडवा हलतो. म्हणजे डॅशबोर्डखालच्या ब्रॅकेटचे बोल्ट सैल आहेत, ब्रॅकेटला चीर गेली आहे किंवा वरचं बुश झिजलं आहे. तिसरा, स्टिअरिंग ओढलं की दांडा आपल्या लांबीत मागेपुढे सरकतो. मग बॉक्समधल्या बेअरिंगकडे पाहायचं. चौथा, स्टिअरिंग थोडं फिरतं पण पुढची चाकं हलतच नाहीत. हा खरा ‘प्ले’. ४० सेंटीमीटर व्यासाच्या स्टिअरिंगवर एक अंशाचा प्ले म्हणजे कडेला सुमारे साडेतीन मिलिमीटर. काठावर ३५ मिलिमीटर रिकामे फिरले तर दहा अंश वाया गेले!

हे चार वेगळे कसे करायचे? इंजिन बंद, टायर जमिनीवर. एकाने स्टिअरिंग हळूहळू डावीउजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने साखळीची एकेक कडी पाहायची. बॉक्समध्ये जाणारा दांडा फिरतो का? फिरतो. बाहेर येणारा ड्रॉप आर्म लगेच हलतो का? हलला नाही, तर दोष बॉक्समध्ये. तो हलला पण पुढचा रॉड मागे राहिला, तर दोष त्या बॉल जॉइंटमध्ये. बॉक्सच बॉडीवर सरकत असेल, तर त्याचे बोल्ट. म्हणजे बघा, हालचाल जिथे हरवते तिथे दोष. हाच व्यतिरेक, फक्त पाना हातात घेऊन.

आमच्या गाडीत दांडा आणि आर्म बरोबरीने हलत होते. मग हाताला ढिलं काय लागत होतं? ते सौभाग्यवतींनी ओळखलं. त्या शेजारच्या सीटवर बसल्या होत्या. म्हणाल्या, “अहो, तुम्ही फिरवता तेव्हा सगळा दांडाच तुमच्याकडे येतोय की!” ब्रॅकेटचे बोल्ट सैल, वरचं बुश झिजलेलं. आणि महिनाभर दुसरा गिअर नीट पडत नव्हता, ती तक्रार आम्ही वेगळी समजत होतो. कॉलम हलला की त्याच्यावरचा गिअरचा दांडाही हलणारच. दोन तक्रारी, कारण एकच.

दुरुस्ती साधी होती, पण तिला क्रम आहे. आधी बॅटरीची वायर काढायची, कारण तिथे हॉर्नची आणि इतर वायरिंग असते. स्टिअरिंग काढण्यापूर्वी ते आणि दांडा यांवर खूण करायची, नाहीतर ते वाकडं बसतं. ब्रॅकेटला चीर असेल तर ते गाडीतून काढूनच वेल्डिंग करायचं. नवीन बुश घालायचं. मग बॉक्सचे आणि ब्रॅकेटचे बोल्ट आधी हातानेच लावायचे, कॉलमला त्याच्या स्वाभाविक जागी बसू द्यायचं आणि शेवटी घट्ट करायचे. ओढूनताणून बसवलेला कॉलम दांड्याला कायमचा दाबत राहतो.

आणि तो पिळलेला स्क्रू? गाडी बहुतेक सरळच चालते, म्हणून बॉक्समधले दाते मध्यावर जास्त झिजतात, कडेला कमी. मध्यावरचा प्ले पूर्ण घालवण्यासाठी स्क्रू पिळला की वळणात बॉक्स आवळतो. घाटात नेमकं तेच झालं. आम्ही स्क्रू मागे घेतला, पुढची चाकं स्टँडवर उचलली आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहिलं. कुठेही अडकलं नाही. मध्यावर किंचित प्ले राहिला आहे. तो आम्ही मान्य केला आहे.

तर त्या श्रोत्याला आमचं उत्तर असं. चुकीच्या जागी आवळलेला स्क्रू लक्षण झाकतो आणि नवा धोका निर्माण करतो. म्हणून पाना उचलण्यापूर्वी एवढंच विचारायचं: काय हलतंय, आणि कशाच्या तुलनेत? उत्तर मिळेपर्यंत ती गाडी रस्त्यावर काढायची नाही.