दोन राजधान्या, दोन ऋतू

शिरपूरहून जुनी राजधानी बघायला निघायचं तर पहिली आपल्याच तालुक्यात आहे. तापीकाठचं थाळनेर. फिरोजशहा तुघलकानं 1370 मध्ये मलिक राजा फारुकीला थाळनेर-करवंदची जहागीर दिली, 1382 मध्ये तो स्वतंत्र झाला आणि खानदेशची फारुकी राजवट इथून सुरू झाली. ती पुढं दोनशे वर्षांहून अधिक चालली. मलिक राजा 1399 मध्ये गेला आणि थाळनेरलाच दफन झाला. तिथले मकबरे आजही उभे आहेत, त्यातला अष्टकोनी मकबरा तर हटकून बघावा असा. किल्ल्याचे अवशेष मात्र नदीनं आणि काळानं मिळून खाल्ले. याच किल्ल्यानं 1818 च्या फेब्रुवारीत जनरल हिस्लॉपच्या फौजेला अडवलं आणि त्यापायी होळकरांचे किल्लेदार तुळशीराम मामा फासावर गेले. सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला घरी, एवढाच हा कार्यक्रम. मुक्काम लागतो तो पुढच्या दोन राजधान्यांना.

शिरपूरजवळ दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. मुंबई-आग्रा महामार्ग उत्तरेला पळासनेर, बिजासन घाट, सेंधवा करत नर्मदेकडे जातो आणि त्याच्या वाटेवर मांडवगड येतो. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता पूर्वेला चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर करत सरळ बऱ्हाणपुरात शिरतो. दोन्ही ठिकाणं गाडीनं साधारण चार तासांवर, दोन्ही आज मध्य प्रदेशात आणि दोन्ही एकेकाळी सुलतानांच्या राजधान्या. त्यांचा आपल्याशी संबंधही जुना आहे. मलिक राजानं थाळनेर धाकट्या मुलाला दिलं होतं. थोरला नासिरखान धुळ्याजवळच्या लळिंगवर होता. त्यानं असीरगड घेतला, बऱ्हाणपूर वसवलं आणि 1417 मध्ये भावाकडून थाळनेरही हिसकावलं. या कामी त्याला मदत केली मांडवच्या होशंगशहानं.

इतकी जवळीक असली तरी दोन्ही गावं एका सहलीत उरकण्याचा मोह टाळावा. युरोपात लोक व्हिएन्ना आणि ब्रातिस्लाव्हा अशी जोडी एका सुट्टीत बघतात, पण त्या दोन राजधान्यांमध्ये रेल्वेनं तासाभराचं अंतर आहे. मांडव ते बऱ्हाणपूर म्हणजे खरगोन-खंडव्याकडच्या रस्त्यांवर अख्खा दिवस गेला. आणि अंतराचा प्रश्न सोडला तरी दोघांचा मोसम एक नाही. एक पावसाळ्यात बघायची, दुसरी थंडीत. याचं कारण आहे पाणी.

इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो याला ते अंगावर कळलं. सुरतेहून खानदेशमार्गे तो 1615 च्या नोव्हेंबरात बऱ्हाणपूरला पोचला आणि शहजादा परवेझला भेटला. सराईत भट्टीएवढ्या कोंदट खोल्या मिळाल्या, गावात बहुतेक घरं मातीची, अशी त्याची कुरकुर होती. पाण्याची मात्र नव्हती. पुढं 1617 च्या मार्चमध्ये तो जहांगीरच्या छावणीमागोमाग मांडवला आला. तिथं उजाड इमारती हव्या तेवढ्या, पण पाणी नाही. छावणीतली माणसं-जनावरं पाण्यावाचून हाल काढत होती. तेच मांडव, तेच वर्ष. पण जहांगीरनं आठवणींत तिथल्या पावसाळ्याची तोंड भरून स्तुती लिहून ठेवली आहे. दोघंही खरंच बोलत होते.

मांडव हे सहाशे मीटर उंचीवरचं पठार. काकडा खोहची खोल दरी त्याला माळव्याच्या सपाटीपासून तोडते. इथं नदी नाही. माथ्यावर पडेल ते पाणी साठवायचं आणि वर्षभर पुरवायचं, यावरच सगळं राज्य. म्हणून मांडवच्या इमारती बघताना आधी गच्चीवरचे पन्हळ बघावेत. जहाजमहाल सुमारे 120 मीटर लांब, एका बाजूला मुंज तलाव आणि दुसऱ्या बाजूला कपूर तलाव. पाणी वळणावळणाच्या नागमोडी पाटांतून, वेग मोडत, गाळ खाली बसवत हौदात उतरतं. चंपा बावडीभोवती जमिनीखाली खोल्या आहेत, उन्हाळ्यात विहिरीच्या गारव्यात बसण्यासाठी. सुलतान बाजबहादूरच्या महालाजवळच्या रेवाकुंडातून पाणी उचलून वर महालात नेत. मे महिन्यात हे सगळं कोरडं दगडकाम दिसतं आणि मुलं कंटाळतात. ऑगस्टमध्ये तलाव भरलेले असतात, ढग खिडक्यांतून आत येतात आणि जहाजमहालाला जहाज का म्हणायचं हे कुणाला विचारावं लागत नाही.

हा महाल बहुधा गियासशहाचा (1469 ते 1500). युद्धापेक्षा खाण्यापिण्यात रमलेला हा सुलतान. त्याच्यासाठी तयार झालेला 'निमतनामा' हा सचित्र पाककृतींचा ग्रंथ आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. पाहुण्यांना मात्र दाल-पानिये मिळतात. मक्याचं पीठ पानांत दाबून गोवऱ्यांवर भाजलेले पानिये, सोबत डाळ आणि तूप. सुलतानाचा हेवा वाटत नाही. रस्त्याकडेला विकतात ती मोठी, टणक कवचाची 'मांडवची इमली' म्हणजे गोरखचिंचेचं फळ. तिची जाडजूड झाडं मूळची आफ्रिकेतली आहेत.

मांडवमध्ये बघण्याची ठिकाणं तीन घोळक्यांत आहेत. जहाजमहाल-हिंडोळामहालाचा राजवाड्याचा भाग, गावातला होशंगशहाचा मकबरा आणि जामी मशीद, आणि दक्षिणेला चार-पाच किलोमीटरवर रेवाकुंड, बाजबहादूरचा महाल, त्याच्या राणीचा म्हणजे रूपमतीचा मंडप. तिकिटं वेगवेगळी काढावी लागतात. होशंगशहाच्या मकबऱ्याचा संगमरवर बघायला शहाजहानचे स्थापत्यकार आले होते. त्यांच्या 1659 च्या भेटीचा लेख दारावर आहे. रूपमतीच्या मंडपातून खाली निमाडचं मैदान आणि दूर नर्मदेची रेघ दिसते, पण धुकं असेल तर काहीच दिसत नाही. म्हणून तिकडं सकाळी धावू नये. धुकं सरून ऊन पडलं की जावं, आणि नाही पडलं तर दुसऱ्या दिवशी. दोन रात्रींचा मुक्काम सांगतो तो यासाठीच. गावात सायकली भाड्यानं मिळतात, रस्ते शांत आहेत. फक्त शनिवार-रविवार टाळा. पावसाळ्यात इंदूर तिथं लोटतं आणि गाड्या लावायला जागा उरत नाही. रविवारी दुपारनंतर पोचलं की गर्दी उतरत असते आणि खोलीही मिळते. शेवाळलेल्या गच्च्यांवर चप्पल घसरते, पट्ट्याचे सँडल घालावेत.

बऱ्हाणपूरची गोष्ट उलटी. मांडव सोडून गेलं ते गेलंच. बऱ्हाणपूरला सोडून कुणी गेलं नाही. फारुकींकडून ते 1601 मध्ये अकबराकडे आलं, दख्खनच्या मोगल सुभ्याचं मुख्य ठाणं झालं, 1681 मध्ये मराठ्यांनी त्याचं बहादूरपूर हे उपनगर लुटलं, तरी माग चालूच राहिले. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए थाळनेर-चोपड्यावरूनच तिथं गेला होता. त्यानं लिहिलं की इथलं कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड आणि कैरोपर्यंत जातं. आज गल्ल्यांत यंत्रमागाचा खडखड ऐकू येतो. हे शहर चालत, विचारत, गर्दीत धक्के खात बघायचं. तेव्हा डिसेंबर-जानेवारीत जावं. पावसाळ्यात गल्ल्यांत चिखल, आणि उन्हाळ्याबद्दल खानदेशी माणसाला काय सांगायचं!

थंडीचा आणखी एक फायदा रस्त्यावर आहे. केळीच्या बागांच्या या पट्ट्यात तेव्हा भरताचे दिवस सुरू झालेले असतात. बामणोदची वांगी, काड्यांवर भाजलेली, आणि कळण्याची भाकरी. यावल-फैजपूरच्या पट्ट्यात जेवण उरकून दुपारी बऱ्हाणपूर गाठावं आणि तासभर उशीर झाला तर वाईट वाटून घेऊ नये.

त्या दुपारी तापीकाठचा शाही किल्ला. तिथल्या हमामखान्याच्या छतावर रंगकाम टिकून आहे. गाइड एका चित्रातली घुमटाकृती दाखवून ताजमहाल इथंच सुचला असं सांगेल. ऐकावं आणि पुढं चालावं. मुमताजमहल मात्र खरोखरच याच गावात वारली, चौदाव्या बाळंतपणात, जून 1631 मध्ये. आग्र्याला नेईपर्यंत सहा महिने तिचा देह तापीपलीकडं जैनाबादच्या आहुखान्यात होता. तिकडं रिक्षानं जाता येतं, वस्ती विरळ आहे, उजेडात परत यावं.

दुसऱ्या दिवशीची सकाळ कुंडी भंडाऱ्यासाठी राखून ठेवा. बाकी काही राहिलं तरी चालेल. मोगल सेनापती अब्दुर्रहीम खानखानानं तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराकडून 1615 च्या सुमारास, म्हणजे रो सराईत कुरकुरत होता त्याच सुमारास, हे काम करवून घेतलं. सातपुड्याच्या उतारावर मुरणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात गोळा करायचं, बोगद्याला अगदी मंद उतार द्यायचा आणि हवा-उजेडासाठी, सफाईसाठी ठरावीक अंतरावर विहिरीसारख्या कुंड्या ठेवायच्या. पंप नाही, मोट नाही, पाणी स्वतःच्या वजनानं गावात येतं. इराणात अशा बोगद्यांना कनात म्हणतात. एका कुंडीत लिफ्टनं खाली उतरता येतं. खाली गुडघ्याच्या आसपास पाणी, भिंतींवर क्षारांचे पांढरे थर. लिफ्ट चालू आहे का, हे आदल्या दिवशी हॉटेलवाल्याकडून विचारून घ्यावं. चढउताराचा त्रास असणाऱ्यांनी वरून कुंड्यांची रांग बघावी, तीही पुरेशी आहे.

परतताना जामा मशीद. सोळाव्या शतकाच्या शेवटी आदिलशहा फारुकीनं बांधलेली, आणि आत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखात फारुकींची वंशावळ. थाळनेरपासूनची नावं तिथं देवनागरीत वाचता येतात. नमाजाच्या वेळा आणि शुक्रवारची दुपार सोडून जावं. मावा जलेबी बांधून घ्यायची तर सगळ्यात शेवटी, कारण ती गरम असतानाच खरी. असीरगड याच सहलीत कोंबू नये. वीस किलोमीटरवर असला तरी चढाई आहे, त्याला वेगळा दिवस लागतो.

स्वतःची गाडी नसेल तर बऱ्हाणपूर सोपं. भुसावळहून खंडव्याकडं जाणाऱ्या बऱ्याच गाड्या तिथं थांबतात आणि प्रवास तासाभराचा. गावात रिक्षा दिवसभरासाठी ठरवावी, पण भाव आधी बोलून. मांडवला रेल्वे नाही. महामार्गावर धामणोद-गुजरीपर्यंत बस मिळते, पुढच्या टप्प्याला मात्र ताटकळावं लागतं, म्हणून चार-पाच जणांनी मिळून गाडी करणं परवडतं. पठारावर मुक्कामाच्या जागा मोजक्या आहेत. श्रावणातली खोली आषाढातच सांगून ठेवावी. बऱ्हाणपूरला आदल्या आठवड्यात फोन केला तरी पुरतो.