सुईपुरते चुंबक

हाताने शिवायची मधल्या आकाराची सुई साधारण ४ सेंटिमीटर लांब आणि ०.७ मिलिमीटर जाड असते. पोलादाची घनता धरून हिशेब केला तर तिचे वजन जेमतेम ०.१२ ग्रॅम भरते. अशा २५ सुया एकत्र केल्या, की कुठे एका रुपयाच्या नव्या नाण्याएवढे वजन होते. शिलाई यंत्राची सुई वरच्या बाजूला जाड असल्यामुळे भारी, तरी अर्ध्या ग्रॅमच्या आतलीच. गोधडीचा जाडजूड दाभण घेतला तरी मामला दोन-तीन ग्रॅमच्या पुढे जात नाही. सुया ठेवायला घरीच चुंबकी डबी किंवा तबकडी करायची म्हटले, की हा हिशेब सहसा कोणी मांडत नाही आणि शोध सुरू होतो तो मिळेल त्या सर्वांत जबर चुंबकाचा. वास्तविक एवढ्याशा वस्तूला धरून ठेवायला फ्रिजच्या दारावरचे जाहिरातीचे चुंबक किंवा बंद पडलेल्या रेडिओतला स्पीकर पुरतो. पुरतो एवढेच नाही. सुईच्या कामाला बहुतेक वेळा असे मवाळ, पसरट चुंबकच योग्य ठरते.

मुळात सुईला ठरलेली जागा हवी कशाला, इथून सुरुवात करायला हवी. आपल्याकडे हातशिलाई बहुधा जमिनीवर बसून होते आणि घरात वावर अनवाणी असतो. गोधडी शिवणारी बाई तर अंथरलेल्या कापडावरच बसून टाके घालत पुढे सरकते. जुन्या लुगड्यांच्या थरांत घसरलेली सुई वरून दिसत नाही आणि त्याच गोधडीत उद्या तान्हे मूल झोपणार असते. रिळाच्या दोऱ्यात, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पानात किंवा अंगातल्या ब्लाउजला सुई खोचण्याची सवय सार्वत्रिक आहे, पण त्यातली एकही जागा सुई खाली पडली तर ती शोधायला मदत करत नाही. निर्यातीचे कपडे शिवणारे कारखाने या बाबतीत फार कडक असतात. तिथे यंत्राची सुई मोडली तर तिचे सगळे तुकडे जमवून नोंदवहीत चिकटवल्याशिवाय कारागिराला नवी सुई मिळत नाही, आणि तयार कपडा सुई शोधणाऱ्या यंत्राखालून जातो. साधारण १ ते १.२ मिलिमीटर व्यासाच्या लोखंडी गोळीएवढा कणही त्या यंत्राला कळतो, कारण ते पोलादाच्या चुंबकी गुणावरच चालते. कारखाना ज्या गुणासाठी महागडे यंत्र बसवतो, तोच गुण घरी एका टाकाऊ चुंबकाने वापरता येतो.

टाकाऊ चुंबकांचे दोन मोठे वर्ग आहेत आणि त्यांचा स्वभाव वेगळा आहे. काळे किंवा करडे, खडूसारखे तुटणारे ते फेराइट. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला नेदरलँड्समधल्या फिलिप्सच्या प्रयोगशाळेतून ते पुढे आले आणि स्वस्त असल्यामुळे घराघरात पोहोचले. स्पीकरमागची कडी, कपाटाचे दार धरून ठेवणारा कॅच, फ्रिजच्या दाराच्या रबरी कडेत सरकवलेली लवचीक पट्टी, जाहिरातीचे पातळ चुंबक, सगळीकडे हेच. लवचीक प्रकारात त्याची भुकटी रबरात किंवा प्लॅस्टिकमध्ये मिसळलेली असते. दुसरा वर्ग चकचकीत निओडिमियम चुंबकांचा. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्सचे संशोधक जवळपास एकाच वेळी तिथवर पोहोचले. इअरफोन, काही पर्सची बटणे आणि संगणकाच्या हार्ड डिस्क यांतून हे चुंबक निघते. फेराइट मुळात ऑक्साइड असल्यामुळे गंजत नाही. निओडिमियमवरचा निकेलचा मुलामा उडाला की मात्र दमट हवेत ते आतून भुसभुशीत होत जाते. कोकणातल्या घरासाठी एवढा फरक निवड ठरवायला पुरेसा आहे. इस्त्रीचाही मुद्दा आहेच. साधे निओडिमियम ८० अंशांच्या पुढे आपली ताकद गमावू लागते आणि शिवणाच्या टेबलावर इस्त्री तर शेजारीच असते. भाजलेल्या मातीसारखे कडक फेराइट ही झळ सहन करते. रबरी पट्टी मात्र तिथून लांबच ठेवावी.

जाहिरातीच्या पातळ चुंबकात एक गंमत असते. त्याच्या एकाच बाजूवर उत्तर आणि दक्षिण ध्रुवांचे अरुंद पट्टे आलटूनपालटून असतात आणि छापील बाजूवर जवळजवळ काहीच ओढ नसते. असे दोन चुंबक काळ्या बाजूंनी एकमेकांवर घासले तर हाताला खडखड जाणवते, ती या पट्ट्यांची. पट्टे अरुंद असल्यामुळे ओढ पृष्ठभागापासून दोन-तीन मिलिमीटरवरच विरते. म्हणून त्यावर मऊपणासाठी जाड फेल्टचा तुकडा चिकटवला तर सुई घसरते आणि दोष चुंबकाला दिला जातो. अशा चुंबकावर सुती कापडाचा एकच पातळ थर द्यावा किंवा काळी बाजू उघडीच ठेवावी. सुई पट्ट्यांना आडवी ठेवली तर जास्त घट्ट बसते, कारण ती दोन विरुद्ध ध्रुव जोडते. वापरण्याआधी एक सुई फिरवून पट्ट्यांची दिशा पाहून घेतली, की चुंबक कोणत्या बाजूने चिकटवायचे ते कळते.

डबीच्या निवडीतही अशीच चूक होते. कंपासपेटी, बिस्किटांचा डबा, बामच्या बाटलीचे झाकण ही सगळी कथिलाचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याची असू शकतात. अॅल्युमिनियमची डबी असेल तर तिला चुंबक चिकटतच नाही, हे लगेच तपासता येते. लोखंडी पत्र्याला चुंबक गोंदाशिवाय धरते, ही सोय झाली. पण दिसायला नीटनेटके म्हणून चुंबक पत्र्याच्या खालून लावून वर सुया ठेवायच्या, हा विचार फसतो. पत्रा चुंबकाची बरीचशी ओढ स्वतःच शोषून घेतो आणि वर सुईपर्यंत थोडीच पोहोचते. चुंबक पत्र्याच्या वर, डबीच्या आत हवे, आणि त्यावर कापड. मग खालचा पत्रा उलट मदतीला येतो, कारण मागे वाया जाणारी ओढ तो वळवून पुढे आणतो. खालून चुंबक लावायचेच असेल तर वरचे भांडे चिनी मातीची बशी, लाकडी वाटी किंवा प्लॅस्टिकचे झाकण असे असावे. कान तुटलेल्या कपाची उरलेली बशी आणि तिच्या खालच्या खोलगट भागात चिकटवलेली स्पीकरची कडी, ही जोडी फार चांगली जमते. कडीला वजन असते, त्यामुळे बशी सरकत नाही आणि धक्का लागला तरी सहसा सुया सांडत नाहीत. बशी जाड असेल तर इथे पातळ चुंबक चालणार नाही, कडीच हवी.

स्पीकर उघडताना फेराइटची कडी दोन लोखंडी चकत्यांच्या मध्ये डिंकाने पक्की बसवलेली आढळते. हातोडीने ती सोडवायला गेले तर कडीचेच तुकडे होतात. ती सोडवण्याची गरजही नाही. कागदी शंकू आणि बाहेरची जाळी काढून टाकली, की चकत्यांसकट उरलेला गोल भाग कापडात शिवून घेता येतो. बाजूच्या कडेवर सुया व्यवस्थित बसतात. जुन्या हार्ड डिस्कमधले चुंबक तर आधीच लोखंडी पट्टीवर चिकटवून येते. त्याच्या पुढच्या बाजूला जोरदार ओढ असते आणि मागच्या बाजूला जवळजवळ नसते, त्यामुळे पट्टीसकट वापरणेच शहाणपणाचे. डिस्क उघडताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. लॅपटॉपच्या डिस्कमधल्या तबकड्या पुष्कळदा काचेच्या असतात आणि वाकवल्या तर फुटून उडतात. आणि समोरासमोरची दोन चुंबके सुटली तर मध्ये आलेल्या बोटाला चांगलाच चिमटा बसतो.

इथे जबर चुंबकाच्या बाजूने बोलणारे म्हणतील, चिमट्याची काळजी घेतली की झाले, ताकद जास्त असेल तर बिघडते कुठे? बिघडते ते सुई ठेवताना आणि उचलताना. जोरदार चुंबकाजवळ सुई नेली, की ती बोटांतून निसटून उडी मारते आणि उडी मारताना वळते; टोक कुठे येईल ते आपल्या हातात राहत नाही. उचलताना नखाने खरवडावे लागते आणि एकीबरोबर चार येतात. दुसरे नुकसान हळूहळू होते. सुईचे पोलाद कडक पाणी दिलेले असते आणि असे पोलाद एकदा आलेले चुंबकत्व सहज सोडत नाही. या गुणाची माहिती माणसाला फार जुनी आहे: चिनी विद्वान शन क्वो याने १०८८च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात चुंबकी दगडावर घासलेली सुई दिशा दाखवते, असे नोंदवले आहे. दिशादर्शकाला हवा असलेला हा गुण शिवणाऱ्या हाताला नकोसा असतो. चुंबकत्व आलेल्या सुया एकमेकींना चिकटतात, कात्रीच्या पात्याला लागतात, टाचण्या ओढतात. तापवून हे चुंबकत्व घालवता येते खरे, पण त्या तापाने पोलादाचा कडकपणाही जातो आणि सुई वाकू लागते. मवाळ चुंबकावर ठेवलेल्या सुईतही थोडे चुंबकत्व उतरतेच, पण ते त्रास देण्याइतके नसते.

भुसा किंवा लोकर भरलेल्या जुन्या पिनकुशनच्या बाजूने एक आक्षेप मात्र मान्यच करावा लागतो. वेगवेगळ्या रंगांचे दोरे ओवलेल्या सात-आठ सुया एकाच वेळी हाताशी ठेवायच्या असतील, तर उशीत उभ्या खोचलेल्या सुयांचे दोरे सुटे राहतात. चुंबकावर आडव्या पडल्या की त्यांचा गुंता होतो. भरतकाम करणाऱ्यांनी ओवलेल्या सुयांसाठी उशी सोडू नये. पितळी टाचण्या चुंबकाला लागतच नाहीत, त्यांनाही उशीच बरी. पण उशीत नेढ्यापर्यंत रुतून आत हरवलेली सुई, उशी दाबताना बोटात शिरते. आणि जमिनीवर सांडलेल्या टाचण्या गोळा करायला उशीचा काही उपयोग नाही. भरतकामाच्या रिंगवर एकच चालू सुई टेकवायला तिसरा उपाय आहे. कापडाच्या खाली एक छोटे चुंबक आणि वर मोडक्या कानातल्याच्या किंवा जुन्या मोठ्या बटणाच्या मागे चिकटवलेले दुसरे. इथे इअरफोनमधले किंवा पर्सच्या बटणातले निओडिमियम खरोखर लागते, कारण ओढ कापडाच्या आरपार पोहोचायची असते आणि जागा चिमूटभर असते. काम थांबवताना मात्र ते काढून ठेवावे. महिनोन्महिने कापडावर राहिले तर दमटपणात डाग पडतो.

मुलांबाबतचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. छोटी जोरदार चुंबके एकापेक्षा जास्त गिळली गेली तर ती आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना ओढतात, मधली भिंत चेपते आणि आतड्याला भोक पडू शकते; अशा वेळी शस्त्रक्रियाच करावी लागते. रांगते मूल असलेल्या घरात सुटी निओडिमियम चुंबके नकोतच. तळहाताएवढी कडी किंवा बशीला पक्की चिकटलेली पट्टी गिळता येत नाही, हाही मोठ्या, मवाळ चुंबकाच्या बाजूचा मुद्दा. पेसमेकर असलेल्या व्यक्तीने जोरदार चुंबक छातीपासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवावे. ते ब्लाउजला किंवा शर्टाच्या खिशाला लावून शिवायला बसणे तिच्यासाठी निषिद्धच. बँकेच्या कार्डांची धास्ती मात्र आता बरीच कमी झाली आहे, कारण रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार २०१८च्या अखेरीपर्यंत चिपची कार्डे आली आणि चिपला चुंबकाने काही होत नाही. कार्डामागची काळी पट्टी जाऊ शकते, एवढेच.

बाजारात तयार चुंबकी तबकडी मिळत असताना हा खटाटोप कशाला, असे विचारणाऱ्याला पैशांच्या बचतीचे उत्तर पटणार नाही आणि ते खरे उत्तरही नाही. निओडिमियमसारख्या दुर्मिळ मृदा धातूंच्या शुद्धीकरणावर चीनचे वर्चस्व आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही दुर्मिळ मृदा आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले तेव्हा भारतातल्या वाहन कारखान्यांनाही त्याची झळ बसली. विजेच्या मोटारीला लागणारी वस्तू ०.१२ ग्रॅमची सुई धरायला नव्याने विकत घ्यावी, हे विचित्रच आहे. तयार तबकडीत बहुधा फेराइटच असते, हे खरे. पण मग तेच फेराइट माळ्यावरच्या बंद स्पीकरमध्येही आहे.

तबकडी झाली, की तिच्या जोडीला आणखी एक छोटी झाकणाची डबी करावी, मोडक्या सुयांसाठी. आत लवचीक पट्टीचा एक तुकडा चिकटवला तर झाकण उघडताना तुकडे उडत नाहीत. डबी भरली की झाकणाभोवती चिकटपट्टी गुंडाळून ती लोखंडाच्या भंगारात द्यावी. ओल्या-सुक्या कचऱ्यात मोकळ्या सुया टाकल्या तर त्या कचरा वेगळा करणाऱ्यांच्या हातात शिरतात.